नववा डबा

चापट मारायला तुझा हात लगेच उठला, पण मापावर शीग कशासाठी लावायची हे सांगायला तोंड काही उघडलं नाहीस. त्या अर्धवट शिकवणीपायी मी वीस-बावीस वर्षं कोळंबीचे डबे शीग लावून भरले आणि वरची सगळी शीग फुकट घालवली. हे आधी ऐकून घे, मग बरी आहेस का ते विचारते. बरीच असशील म्हणा. गेलीस तिथंही सगळ्यांना कामाला लावलं असशील.

आये, मी नऊ वर्षांची होते. दुसरी कशीबशी झालेली आणि तिसरीत तू माझं नाव काढलेलंस, कारण जवळा राखायला घरात कोणी नव्हतं. तर तो जवळा अंगणात वाळलेला, अंधेरीहून नेहमी येणारी ती जाडी बाई दारात उभी, आणि तू पाण्याला गेलेली. म्हणून मीच मापायला बसले. पत्र्याचं माप भरलं, वरून तळहात फिरवला, कसं गुळगुळीत सपाट केलं. मला वाटलं, घरचा जवळा वाचवला म्हणून तू खूश होशील. तू मागून येतेस, हंडा खाली ठेवतेस, आणि गिऱ्हाइकासमोर माझ्या डाव्या गालावर देतेस. "सपाट माप? आपल्या घरातनं? शीग लाव!" मग मी ओंजळीनं ओतत राहिले, मापाच्या काठावर डोंगर होऊन कडेनं ओघळेपर्यंत. बा उंबऱ्यावर जाळं सांधत बसलेला. तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. गाल दुखला त्यापेक्षा ते हसणं मला जास्त लागलं.

ती जाडी बाई पुढं तू असेपर्यंत येत राहिली, हे मी नाकारत नाही. लेकीच्या लग्नात तिनं तुला लुगडंसुद्धा नेसवलं. शीग तिच्या डोळ्यांसमोर पडत होती आणि ती ते विसरत नव्हती. पण माझी शीग कोण बघत होतं? नवऱ्याची होडी विकल्यावर मी खाडीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला लागले. बर्फातनं उचलायची, डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा, निळ्या डब्यात टाकायची. डबा भरला की ठेकेदार वहीत एक रेघ मारतो आणि आपल्याला रेघेचे पैसे मिळतात. आपल्या वाड्यातल्या झाडून सगळ्या बाया शीग लावायच्या. सगळ्यांनी आपापल्या आयांच्या चापटी खाल्लेल्या. बाहेरगावच्या बाया तेवढ्या काठापर्यंत भरून थांबायच्या, आणि आम्ही त्यांना हसायचो, काय गो चिकट बाया म्हणून. माझ्या शेजारी बसायची ती युपीची एकदा माझा डबा बघून म्हणाली, "अम्मा, उसने डिब्बा बोला है, पहाड़ नहीं बोला." मी तिला म्हटलं, तुझ्या आईनं तुला काही शिकवलं नाही. बघ माझं शहाणपण!

आता यंदाचं ऐक. आमची ही कोळंबी जहाजातनं कुठल्या कुठल्या गोऱ्यांच्या देशात जाते. तिकडच्या दुकानदाराला अचानक काळजी लागली, की सोलणाऱ्या बायांना पैसे नीट मिळतात का, संडासाला आतून कडी आहे का. एवढी वर्षं कुठं होता मेला, पण असो, कडी लागली. सोबत माल पाठवणाऱ्या कंपनीनं एक पोरगी पाठवली, दर बुधवारी अर्धा तास आम्हाला पैशाचं शहाणपण शिकवायला. जीन पँट, पायात बूट, आणि शेडमध्ये घसरून पहिल्याच दिवशी बर्फावर बसली. मला आवडली. पासबुक कसं वाचायचं, फोनवर कोणी आकडा विचारला तर त्याला कसं झापायचं, सगळं सांगायची. मला म्हणाली, "आजी, रोज वीस रुपये बाजूला टाकत जा." मी म्हटलं, "तू दे, मी टाकते." सगळ्या हसल्या, तीही हसली. मग तिनं विचारलं, तुमचं वाया काय जातं? कोणी मिश्री सांगितली, कोणी मुलांचे रिचार्ज. माझी युपीवाली म्हणाली, "अम्मा का पहाड़." सगळ्या परत हसल्या. पोरगी नाही हसली. कसला पहाड, म्हणाली. मी ताठ मानेनं तिला शीग समजावली, तुझं माप, तुझी चापट, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि त्या शिगेचे तुम्हाला किती मिळतात?" आये, मी बोटं मोजायला लागले आणि रात्री अंथरुणावरही मोजतच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझे आणि सुनेचे मिळून आठ डबे झाले. मी एक रिकामा डबा ओढला. ठेकेदार रेघा मारायला आला तसा त्याच्यासमोर एकेका डब्यावरून तळहात फिरवला आणि वरची कोळंबी रिकाम्यात लोटली. आठव्या डब्याला तो नववा काठोकाठ भरला. "ह्याची रेघ मार," म्हटलं. तो आधी हसला, मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "आजी, वय झालं तुमचं. उद्यापासून घरी बसा. सुनेलाही घेऊन जा." मुलाची नोकरी सुटलेली, घर आमच्या दोघींच्या वीस बोटांवर चाललेलं. सून माझ्याकडं अशी बघत होती की आता म्हातारीला खाडीत ढकलू की नंतर. तेवढ्यात माझ्या युपीवालीनं बर्फाच्या पाण्यातनं हात काढले, पदराला पुसले आणि मांडीवर ठेवले. मग तिच्या पलीकडचीनं. मग साऱ्या शेडनं. युपीवालीचं स्वतःचं त्यात काहीच जात नव्हतं, ती तर सपाटच भरायची! बाहेर गाडी उभी, आत बर्फ वितळतोय, आणि कोळंबीला काही ठेकेदाराची भीती नाही. अर्धा तास त्यानं दम दिला, पुढं अर्धा तास हात जोडले, मग स्वतःच कंपनीला फोन लावला. पोरगी स्कूटरवरून आली. तिनं मला सगळं पुन्हा करून दाखवायला लावलं आणि फोनमध्ये धरलं. नववा पुन्हा भरला, आणि तो व्हिडिओ तिनं कंपनीला पाठवला. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये वजनकाटा आला. आता डबा नाही, किलो.

ठेकेदार अजून डाव खेळतो. "पाणी निथळू दे आधी," म्हणतो. "निथळू दे की," मी म्हणते, "आम्हाला कुठं लग्नाला जायचंय!" पहिल्या पगाराच्या रविवारी मालाडच्या बाजारातनं मोठी कोळंबी आणली. एवढी वर्षं सोलली, पण तसली घरी शिजवली ती त्या दिवशी पहिल्यांदा. युपीवालीला जेवायला बोलावलं. ती म्हणाली मी मच्छी खात नाही. सोलते दिवसभर आणि खात नाही! तिला वरणभात वाढला, शीग लावून. तिनं हात जोडले, "बस अम्मा, बस," आणि सुनेला हसून ठसका लागला.

आणि गंमत सांगू? डबा मी अजून शीग लावूनच भरते. काट्यावर ठेवला की आकडा शिगेसकट येतो. म्हणजे तुझंही राहिलं आणि माझंही.

हे मी पोरीनं खर्च लिहायला दिलेल्या वहीत लिहिलंय. बुधवारी ती वही तपासते, तेव्हा ही पानं आधी फाडून तुझ्या त्या पत्र्याच्या मापात घालणार आहे. एक कबूल करते. त्या दिवशी पहिल्या डब्यावरून हात फिरवला तेव्हा मी डावा गाल आत ओढून घेतला होता, सत्तरीच्या बाईनं, सगळ्यांसमोर.

आता उत्तर तू देऊ नकोस. तुझं उत्तर मला माहीत आहे, ते गालावर येतं. बाला म्हणावं, तू दे. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून तो मला हसला की तुला, ते त्यानं सांगायचं. आणि तो सांगत असताना तू मध्ये बोलायचं नाही.