मागच्या दाराचं तेल

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
फोनवर बोलायचं तर सगळे कानाशी, म्हणून पत्र. परत येऊन महिना झाला. आई बरी आहे, विसरते मात्र फार.

तीन वर्षं परक्या मुलखात जहाजांचे पत्रे जोडले, ते या घरासाठी. आता घरात मला कामच नाही. परवा नळ गळायला लागला, तर मी पाना शोधेपर्यंत बायकोने वॉशर बदलूनही टाकला. बादली उचलली की म्हणते, राहू द्या, तुम्ही बसा. चहा देतात तो बशीवाल्या चांगल्या कपात. ताई, तो कप पाहुण्यांचा आहे गं! लेक तर माझ्या खोलीत येताना दार वाजवते.

तिकडच्या मुकादमाने फोन करून विचारलंय, पुन्हा येतोस का म्हणून. महिनाअखेर कळवायचंय. तिकडे निदान माझ्यावाचून काहीतरी अडतं. जावंसं वाटतंय. तू काय म्हणतेस?
भावजींना नमस्कार, भाच्यांना एकेक धपाटा.
तुझा धाकटा

९ जून

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.
ह्यांनी तुम्हाला पत्र टाकलंय ते ठाऊक आहे, तिकीट मीच चिकटवलं. आत काय आहे ते विचारलं नाही. पण मुकादमाचा फोन माझ्या कानावर आलाय आणि मला धडकी भरली आहे.

म्हणून ह्यांना कशाला हात लावू देत नाही. उलट शब्द बोलत नाही, लेकीलाही ताकीद दिली आहे. घरात सुख लागलं तर पाय निघणार नाही, असं आपलं मला वाटलं. पण हे दिवसेंदिवस गप्प होत चाललेत. वन्सं, मला हे इथे हवेत हो. माझं कुठे चुकतंय?
उत्तराची वाट पाहते, माया असू द्या.
तुमची भावजय

१४ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.
अगं वेडाबाई, माझ्या भावाला तू लॉजवर ठेवल्यासारखं ठेवलंस! तो लहानपणापासून असाच. कुणी ओरडल्याशिवाय त्याला घरात असल्यासारखं वाटतच नाही. ते काम मी इतकी वर्षं चोख केलं, आता तुझी पाळी. चांगली भांड. कारण तोच देईल, त्याची काळजी नको.
आईला जप, स्वतःलाही.
तुझी वन्सं

२२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
परवा घरात दणकून भांडण झालं. मागचं दार कुरकुरायचं. म्हटलं, एवढं तरी करू. कुणाला न विचारता बिजागऱ्यांना तेल घातलं आणि स्वतःवरच खूश झालो.

संध्याकाळी आई जागेवर नाही! शोधाशोध झाली. चार घरं पलीकडे कुणाच्या तरी पायरीवर अनवाणी बसलेली सापडली. बायकोने तिला घरी आणलं, पाणी दिलं आणि मग माझ्याकडे वळली. त्या कुरकुरीवर कान ठेवून मी तीन वर्षं आईंना सांभाळलं, म्हणाली, आणि तुम्ही साधं विचारलंही नाही! मग तोंड जे सुटलं ते सुटलंच. लेकीचा ताप, एकटीने काढलेल्या रात्री, सगळं निघालं. जायचं तर खुशाल जा, पण आधी ते दार होतं तसं करून द्या, म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो, लपवत नाही.

तेल पुसून काढलं, तरी दार काही कुरकुरेना. म्हणून आता संध्याकाळी तिथे मीच बसतो. मुकादमाला ‘येत नाही’ म्हणून कळवलं. आई उठली की मीही उठतो, दोघं कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. काल वाटेत तिने विचारलं, तुम्ही कुठले. म्हटलं, इथलाच.
रागावत राहा, म्हणजे लोभ आहे असं समजेन.
तुझा धाकटा