राखणदाराच्या वहाणा

५ जानेवारी
आलो बाई एकदाचे गोव्यात! संतोषला डिचोलीच्या कारखान्यात नोकरी लागली, कारापुरात भाड्याची खोली मिळाली, मागं पेरूचं झाड. चंदगडला सासूबाई म्हणाल्या होत्या, तिथं तुझं मन रमायचं नाही. न रमायला काय झालं? आज शिरगावच्या वाटेवर, बंद खाणीच्या कडेला, भटक्या कुत्र्यांचा निवारा बघून आले आणि फुकट राबायचं कबूलही करून आले. चंद्रावतीकाकी चालवतात तो. शाळेतून निवृत्त झाल्या, आवाज अजून वर्गातलाच. पिंजरे धुवायचे, भात शिजवायचा, खरजेला औषध लावायचं. काकींनी चहाबरोबर पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, उंडो दिला, असला कडक पाव की दात शाबूत राहिले हेच नशीब.

९ जानेवारी
इथली एक रीत कळली. नवीन जनावर आलं की आधी कुंपणाजवळच्या राखणदाराच्या दगडापाशी न्यायचं. राखणदार म्हणजे हद्द राखणारा देव, रोज रात्री काठी आपटत हद्दीवरून फेरी मारतो म्हणे, म्हणून लोक त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. काकी गाऱ्हाणं घालतात: हे लेकरू तुझ्या हद्दीत आलंय, सांभाळ, तुला नारळाचा मान देऊ. कधी कोंबडा, कधी रोट, म्हणजे जाड भाकरी. मान कसला ते बोलल्याशिवाय गाऱ्हाणं संपवत नाहीत. दगडापाशी जुन्या वहाणा पडल्यात, टाचा पार झिजलेल्या. मी म्हटलं, उंदरांनी कुरतडल्या असतील. काकी हसल्या नाहीत.

१४ जानेवारी
संक्रांत, आणि असला दिवस. टिपर ट्रकखाली सापडलेलं एक कुत्रं कुणीतरी फाटकाशी टाकून गेलं. अंगभर लाल माती, मागचे पाय लुळे. नाव ठेवलं लाल्या. डॉक्टर रुद्रेश म्हणाले, हाल नकोत, संध्याकाळी इंजेक्शन देऊन मोकळं करू. मी म्हटलं, अजिबात नाही. माझ्या हातून दूधभात चाटूनपुसून खाल्ला त्यानं. मरायला टेकलेलं असं खातं होय? काकी साखळी गावात हळदीकुंकवाला गेलेल्या. मग मीच त्याला गोणपाटावर ओढत दगडापाशी नेलं. नारळ नव्हता, कोंबडा नव्हता, नुसता राग होता. म्हटलं, "ह्याला राख. काय लागेल ते माझ्याकडून घे."

डॉक्टर सुई घेऊन आले तेव्हा लाल्या चारी पायांवर उभा होता. मी आनंदानं रडले.

१५ जानेवारी
लाल्याला बघून काकी आधी खूश झाल्या. मग विचारलं, "गो बाये, काय देतलंस ता सांगलंस मां?"

मी काय बोलले ते सांगितलं. काकी म्हणाल्या, मान कसला ते बोललं नाही, तर तो माणूसच घेतो.

१७ जानेवारी
सकाळी उठले तर पाय ठणकतायत. उंबऱ्यातल्या माझ्या चपला टाचेला झिजलेल्या, तळाला खाणीची लाल माती. रात्री मी तर खोलीबाहेर पडलेच नव्हते. निवाऱ्यात गेले, एकही कुत्रं भुंकलं नाही. सगळी मान खाली घालून उभी. भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

२० जानेवारी
संतोषनं दाराला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या उशाखाली. मला नवे बूट आणले. सकाळी कुलूप तसंच आणि बुटांचे तळवे गेलेले. तो म्हणतो, तू माझ्या शेजारीच झोपलेलीस, हात लागला मला. मग चालतं कोण?

२२ जानेवारी
काकींनी तोड काढली: दिलेला शब्द परत घे आणि लाल्याला हद्दीबाहेर सोड. त्याला कवेत घेऊन फाटकाबाहेर पाऊल टाकलं मात्र, त्याचे मागचे पाय ओल्या फडक्यासारखे लोंबले. केवढ्यानं केकाटला. आत आणला, पुन्हा उभा. मग काय! परत घेत नाही जा. दिला म्हणजे दिला.

२५ जानेवारी
आज दगडापाशी काकींनी दोन रोट ठेवले. दुसरा कुणाला, विचारलं. बोलल्या नाहीत. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. काकी, मी इथं आहे म्हणून ओरडले. डोळे पुसत त्या माझ्या अगदी जवळून —

२६ जानेवारी
संतोष माझा फोटो घेऊन दारोदार हिंडतोय. मी त्याच्या शेजारून चालतेय. हात धरला तर झुरळ झटकावं तसा झटकला. बाबा रे, ह्या डोळ्यांनी हे बघायचं होतं —

लाल्याला दिसते मी. त्याला एकट्याला.

२७ जानेवारी
दगडापाशी नव्या वहाणा. माझ्या मापाच्या. घालणार नाही. अनवाणी फिरेन. राखायचं तर मी माझ्या रीतीनं राखेन, माझ्या हद्दीत एकही टिपर भरधाव —

काठीचा आवाज. फाटकाशी थांबला. चल म्हणतोय. लाल्या माझ्या पायाशी बसलाय, शेपूट हलवतोय.

येत नाही म्हटलं. थांब तिथंच. आधी ह्याला भात —