रस्त्याकडची खिडकी

लुइस्टन, मेन

पेपे,

नात तुम्हाला हीच हाक मारते, म्हणून मीही.

ओडील दोन वर्षांची झाली तेव्हाच्या तपासणीत नर्सने तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं, हे ऐकून तुम्ही हसलात. "धडधाकट पोरीला कशाला टोचता? ह्याच घरात चार पोरं वाढवली मी!" रक्तात शिसं निघालं, पेपे. दंडातून पुन्हा रक्त काढलं, तरी तेच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जुन्या घरात असते का ही? जुन्या रंगात शिसं असतं." तुमचा मुलगा बुटांकडे बघत बसला. मी कामावर असताना ती तुमच्या घरी असते, हे मीच सांगितलं. पत्ताही मीच दिला. चुगली म्हणायची तर म्हणा.

"त्या खिडक्या माझ्या बापाने रंगवल्यात, हात लावून दाखव," म्हणालात. लावणार! शनिवारी तो विषारी रंग काढायला माणसं येतील आणि त्यांना दार मी उघडणार. तोवर पोरगी तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही. आपल्या दर शनिवारच्या बीन्सच्या जेवणाला माझ्याकडे या, तिला मांडीवर घ्या, पण ह्यावर माझ्याशी वाद घालू नका.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगवत नाही, म्हणून हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. तिच्या दातांच्या खुणा एकाच खिडकीच्या चौकटीवर आहेत, रस्त्याकडच्या. संध्याकाळी तुम्ही कामावरून यायच्या वेळी तिथे उभी राहून, लाकूड चावत ती तुमच्या ट्रकची वाट बघायची.

तुमची हट्टी सून,
दानिएल