पिकअपचे मागचे पाटे

बसवनगुडी, बंगळूर
३० नोव्हेंबर १९९४

प्रिय यशोवर्धन,

तुझं पत्र पोचलं. पुण्यातली खोली बदललीस हे बरं केलंस. इकडची बातमी अशी की आपल्या जुन्या पिकअपची मागची बाजू मी खाली घेतली. आजोबांनी आणल्यापासून ती गाडी मागून उंचच. भाड्यानं द्यायच्या मंडपाचे खांब आणि हंडे लादले की तेवढ्यापुरती सरळ व्हायची.

आईचा पाय गेला आणि ती चाकाच्या खुर्चीत बसली, त्याला आता चौदा महिने झाले. दवाखाना सोडला तर ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. रिक्षात उचलून ठेवावं लागे आणि परक्या माणसानं काखेत हात घातलेला तिला अगदी सहन होत नसे. ऑगस्टमध्ये मी पिकअपला फळी लावून तिला खुर्चीसकट वर ढकलायला गेलो. चढ इतका उभा की अर्ध्यावर खुर्ची मागं घसरली. मी छातीवर झेलली. तिला लागलं नाही, पण ती म्हणाली, "आता मला कुठं नेऊ नका." पुढं महिनाभर रस्त्याकडची खिडकीही तिनं उघडू दिली नाही.

म्हणून मी यशवंतपूरला देवाप्पाकडे गेलो. लॉऱ्यांच्या स्प्रिंगांचे पाटे तापवून ठोकण्यात त्याचा जन्म गेला. गाडीखाली वाकून तो म्हणाला, "अण्णा, पाटे कमी केले तर बसेल खाली. पण मग माल विसरा. मंडपाचं काय करणार?" मी म्हटलं, पासष्टी झाली, मंडप पुरे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि "सरी" म्हणून जॅक लावला.

पहिल्या खेपेला त्यानं दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले. गाडी छान बसली, पण पहिल्याच खड्ड्यात मागचा अ‍ॅक्सल चासीवर असा आदळला की माझे दात वाजले. यात आई बसली असती तर, या विचारानं मी तिथूनच गाडी वळवली. परत गेलो. देवाप्पानं एकेक पाटा पुन्हा घातला, बाकीच्यांची कमान भट्टीत तापवून चपटी केली, वर आदळू नये म्हणून आखूड रबर बसवलं. गाडीचा मागचा तळ आधीपेक्षा सहा इंच खाली आला. खुर्ची चढवायला लांब फळी मी सुताराकडून करून घेतली.

परवा, कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, आपल्याकडे शेंगांची जत्रा होती. आईला मी काही विचारलं नाही. नुसती फळी लावून दाखवली. ती फळीकडे बघून म्हणाली, "स्वल्प हळू." देवाप्पा आला होता. आम्ही दोघांनी ढकलली आणि खुर्ची वर गेली, कुठं अडली नाही. चाकं दोरीनं बांधली, मी बैलगाडीच्या वेगानं निघालो. जत्रेच्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी लावली, तर पाच मिनिटांत बायका गाडीभोवती जमल्या. शेजारची गंगव्वा तर रडायलाच लागली. आई शेंगा फोडत घासाघीस करत होती, सगळ्यांच्या डोक्यांवरून जत्रा बघत होती. अंधार पडेपर्यंत घरी चला म्हणाली नाही. मुला, किती दिवसांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

परतल्यावर, ती खुर्चीत आणि मी फळीवर बसलेला, मी तिला एक गोष्ट सांगितली. अपघाताच्या सकाळी तिला तिच्या बहिणीकडे सोडायचं काम माझं होतं. मला कंटाळा आला म्हणून मी स्कूटरची किल्ली तुझ्या हातात दिली. लॉरी मागून आली, तू काय करणार होतास? आणि दवाखान्यात मात्र मी तुला म्हणालो, "तुझ्यामुळं तिचा पाय गेला." महिन्याभरात पुण्याची नोकरी धरलीस आणि तेव्हापासून घरी आला नाहीस. हे ऐकून आई शांतपणे म्हणाली, "किल्लीचं मला ठाऊक होतं. मला काय सांगता? त्याला लिहा." म्हणून लिहितो आहे. चूक तुझी नव्हती, बाळा. ते वाक्य माझं होतं, मी ते परत घेतो. कधी येतोस ते कळव. स्टेशनवर आम्ही दोघं येऊ.

तुझाच,
अप्पा