फिरकीच्या चौकटी

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी सर्दी गेली का? जावईबापूंचा घसा कसा आहे? रेडिओवर बातम्या वाचणाऱ्याचा घसा म्हणजे त्याचं दुकान, गरम पाणी पीत राहा म्हणावं. पिटुकलीचा दात वर आला, की अजून नुसता गालच फुगलाय? इकडे तुझ्या मामीचा गुडघा दुखून दुखून रोज हवेचा नवा अंदाज सांगतो आणि रोज चुकतो. मी ठणठणीत. करवतीने अंगठा जरा सोलला, पण तो आता तक्रार करत नाही.

आता मुद्द्याचं. जुने अध्यक्ष पळाले आणि सेनापतींनी कारभार बळकावला, तेव्हापासून माझ्या दुकानात रीघ लागली आहे. शाळा, कचेऱ्या, दवाखाना, जो तो सेनापतींचा फोटो काखेत मारून येतो आणि उद्याच चौकट हवी म्हणतो. अध्यक्षांच्या चौकटीही मीच केल्या होत्या. त्या भिंतीवर चढल्या आणि माझे केस पांढरे झाले तरी उतरल्या नाहीत. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकीलबाईंच्या सभांना गर्दी लोटते हे खरं, पण त्यांच्या फोटोला चौकट मागायला अजून चिटपाखरू फिरकलेलं नाही. ‘पुढे सत्तेवर कोण’ हे वर्तमानपत्रात लिहिणं तुझं काम, मी काय सांगणार? तरी सांगतो. सेनापती राहायलाच आलेत. आणि त्यांचा जाहीरनामा वाचायला जावईबापूंनी भर स्टुडिओत नकार दिला, हे ते विसरायचे नाहीत. काळजावर दगड ठेवून लिहितो, पोरी, तिघं सीमेपलीकडे निघून जा.

हे पत्र टपालाने नाही, ओळखीच्या टेम्पोवाल्याच्या हाती देतो आहे. उत्तरही त्याच्याच हाती दे.

तुझा घाबरट
मामा


ता. ९ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

सर्दी गेली, दात आला. तो आल्यापासून पिटुकली टेबलाची कड कुरतडते आहे. मामींच्या गुडघ्याला सांगा, आमच्या कचेरीतल्या अंदाजवाल्यांपेक्षा तोच बरा. एक जण म्हणतो सेनापती दहा वर्षं हलत नाहीत, दुसरा म्हणतो जुने मंत्री परत येतील, तिसरा रोज सकाळी मत बदलतो आणि दुपारी ते आपलं पहिल्यापासूनचं मत होतं म्हणून भांडतो. संपादकांनी मला विचारलं. मी म्हटलं, अजून कळत नाही. ते म्हणाले, कळत नाही याचा पगार देत नाहीत.

तुमचे जावई माझ्या मैत्रिणीच्या घरी माळ्यावर आहेत. दोनदा पोलीस आमच्या दारी येऊन गेले. मी सांगितलं, भांडून निघून गेला. शेजारच्या काकूंनी लगेच दुजोरा दिला, आवाज रोज ऐकू येत होते म्हणाल्या! मदत म्हणावी की टोमणा, कळेना.

सीमेपलीकडे जायचे परवाने मिळतायत, पोलिसांना हव्या असलेल्यांनासुद्धा; ब्याद कायमची गेली तर सरकारला बरंच. गाडी एकोणिसाला. पण परत येण्याचा हक्क सोडला, असं सही करून द्यावं लागतं. म्हणजे गेलो तर तुमची आणि मामींची भेट नाही. आईमागे तुम्ही मला वाढवलंत. ती सही करायला हात उचलत नाही आणि इथे राहायची हिंमतही होत नाही. तुम्ही जा म्हणता, तर बहुतेक जाऊच. पण पत्र पाठवा, काहीही लिहा, दुकानातलं लिहा. मला तुमची कटकट ऐकायची आहे.

आपली
भिंगरी


ता. १३ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने वाचलं, मग मी वाचलं, मग ती म्हणाली पुन्हा वाचा, तर चष्माच सापडेना. डोक्यावर होता. तिने पिटुकलीसाठी लोकरीचे मोजे विणून दिलेत. पलीकडे थंडी असते म्हणे. एक मोजा मोठा झालाय, तो पुढच्या वर्षीसाठी आहे असं तिला सांग. जायचं ठरलं असेल तर रडत बसू नका. आम्ही रडायचं काम इथे वाटून घेतलंय.

दुकानातलं लिहा म्हणतेस, तर ऐक कटकट. धंदा चालू आहे पण कामात राम नाही. तुला माहीत आहे, मी पुठ्ठ्यामागे बारीक खिळे मारतो, वर कागदाची पट्टी चिकटवतो, मग ती चौकट मी मेलो तरी उघडायची नाही. तर आता लोकांना ते चालत नाही! पहिल्यांदा शाळेचे हेडमास्तर म्हणाले, मामा, खिळे नकोत, मागे लोखंडी फिरक्या लावा, बोटाने फिरवली की पुठ्ठा सुटला पाहिजे. मग दवाखान्याने तेच सांगितलं. कचेरीतल्या हेडक्लार्कने तर केलेली चौकट परत आणून खिळे काढायला लावले. काल छावणीतले सुभेदार आले, सेनापतींच्या खास मर्जीतले. म्हटलं हा तरी दर्दी माणूस निघेल. तो आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, फिरक्याच लावा. अगं, फिरकी म्हणजे आळशी कारागिराचं काम! माझा हात थरथरतो का, म्हणून मी त्याच्याशी भांडलोसुद्धा.

असो. तुमची गाडी सुटेपर्यंत आम्हाला झोप नाही. जपून जा.

तुमचाच
मामा


ता. १७ मार्च

ती. मामांस सा. न.

टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात. आम्ही जात नाही. परवाने मी सही न करताच चुलीत घातले.

मामा, तुम्ही सुभेदाराशी भांडलात, पण त्याने तुम्हाला काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंच नाही. सेनापतींचा फोटो लावणारा एकही माणूस तो भिंतीवर टिकेल असं धरून चाललेला नाही. त्यांची स्वतःची छावणीसुद्धा! तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि नंतर काम काढून मुद्दाम पोलीस मुख्यालयात गेले. साहेबांच्या खुर्चीमागची चौकट तिरकी झाली होती. सरळ करते म्हणून मागे हात घातला. फिरकी! बोटाला खरचटलं आणि मी तिथे हसले. साहेबांना वाटलं, लाजले.

संपादकांना अंदाज लिहून दिला, सेनापती महिनाही काढणार नाहीत, वकीलबाई येतील. त्यांनी विचारलं, आधार काय? म्हटलं, घरचा माणूस सांगतो. जावई अजून माळ्यावरच राहतील. चुकले तर चूक मोठी असेल, हे मला माहीत आहे. तरी इथून हलणार नाही.

तुमची हट्टी
भिंगरी


ता. ६ एप्रिल

चि. सौ. भिंगरी, जावईबापू आणि पिटुकली, तिघांना पोटभर आशीर्वाद.

तू जात नाहीस हे वाचून मी तुला खूप बोललो. तू समोर नव्हतीस म्हणून मामीला बोललो. ती म्हणाली, पोरीला तुमच्यावर भरवसा आहे, तुम्हालाच नाही. मग मी तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं.

आणि काल! सेनापती विमानात बसले ही बातमी आधी वाण्याने सांगितली, मला खरी वाटेना. मी रेडिओ लावला. बातम्या सुरू व्हायच्या आधी कुणीतरी हळूच घसा खाकरला. मामी स्वयंपाकघरातून ओरडत आली, अहो, आपले जावई! अजून एक शब्दही बोलले नव्हते ते. मग ते बोलले. वकीलबाईंनी कारभार हाती घेतला, निवडणुका होईपर्यंत. आम्ही दोघं रेडिओपुढे उभेच होतो, बसायचं सुचलंच नाही. मामीचा गुडघासुद्धा विसरला.

माझा अंदाज साफ आपटला आणि इतकं आपटून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. आता गंमत ऐक. वकीलबाईंनी फर्मान काढलंय, निवडणुकीपर्यंत कचेरीत कुणाचाच फोटो नको. सकाळपासून सगळे चौकटी परत घेऊन येतायत. सुभेदार सर्वांत आधी, आणि मान वर करेना. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मामी म्हणते, कोंबड्यांचं खुराडं करा.

त्यातली एक मात्र मी बाजूला काढून ठेवली आहे, सागवानी, चांगली रुंद. तिच्या फिरक्या उपटून टाकल्या. तुम्ही तिघं एका बाकावर बसून नीट फोटो काढा, पिटुकलीचा दात दिसला पाहिजे. आला की त्याच चौकटीत बसवतो, खिळे मारतो, वर पट्टी चिकटवतो. आपल्या घरातून तो कुणी काढून दाखवावाच.

टेम्पोवाला परवा तुमच्याकडे येतोय. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नकोस, लवकर लिही.

तुझा
मामा