भुयाराची दारं

॥ श्री ॥
१४ नोव्हेंबर, शनिवार सकाळ

प्रिय भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद. तीन वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नका, इथे सगळे जिवंत आहेत. माझे गुडघे जिन्यावर कुरकुरतात, मीही त्यांच्यावर कुरकुरते. तुमच्या दादांचा उजवा हात मात्र आता थरथरतो. चहा अर्धाच कप द्यावा लागतो. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, हाताला काम देत राहा.

म्हणून त्यांनी पुन्हा भुयार बांधायला घेतलं आहे. तेच तुमच्या दोघांच्या खेळातलं, फासे टाकून सोंगट्यांचे योद्धे आणि राक्षस उतरायचे ते. शेजारच्यांच्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल मीच मागून आणला. हे पट्टीने मापं टाकतात, मी ब्लेडने विटा कापते. मग चुरगळलेल्या चांदीच्या कागदाचा गोळा त्यांच्यावर दाबून फिरवायचा, की दगडासारखे खवले उठतात. तीनशे चाळीस विटा झाल्या, माझ्या बोटांना घट्टे पडले. जन्मभर पाणीखात्याचे नकाशे सरळ रेघांत काढणाऱ्या माणसाची रेघ आता वाकडी जाते. परवा बघून म्हणाले, "असू दे, दगड वाकडेच असतात." मी जप करत होते, तो तिथेच चुकला.

चार खोल्या, एक जिना, एक विहीर, एवढं उभं राहिलं आहे. दारं नाहीत. दारं तुम्ही करायचात, आईस्क्रीमच्या काड्यांची, घड्याळातल्या बारीक खिळ्यांच्या बिजागऱ्या लावून. मी एक करून पाहिलं. यांनी ते उघडलं, मिटलं, आणि पेन्सिलींच्या डब्यात ठेवून दिलं. चौकटी तशाच मोकळ्या आहेत.

आता मुद्द्याचं लिहिते. दोन दिवस मी दुसरंच काही लिहून कागद फाडते आहे, आणि कागद फाडणं माझ्या स्वभावात नाही. वहिनी सावलीसुद्धा घडी घालून ठेवेल, असं तुम्हीच म्हणायचात.

तुमचं दोघांचं भांडण आठवत असेलच. फासा टेबलावरून खाली पडला, सहा पडले, ते धरायचे की नाही. पन्नाशी ओलांडलेले दोन बाप्ये त्यावरून तासभर भांडले. जाताना तुम्ही म्हणालात, "अर्धं भुयार माझं आहे, एक दिवस येऊन घेऊन जाईन." घराची एक किल्ली तुमच्याकडे असायचीच.

पुढच्या आठवड्यात हे डोळे तपासायला गेले होते. मला वाटलं, दोघांची तोंडं फुगली आहेत, आपण काहीतरी चांगलं करावं. भुयार पांढरंच राहिलं होतं, रंगाला तुम्हाला सवड नव्हती. खिडकीचे गज रंगवून राखी रंगाचा एक फवारा उरला होता. टाकून कशाला द्यायचा? गच्चीत नेऊन सगळ्या भुयारावर मारला.

भाऊजी, ते विरघळलं. आधी चरचर आवाज आला, मग भिंती आत बसत गेल्या, तव्यावर लोणी बसावं तशा. जिना गेला, तुमचा पूल गेला. मला काय माहीत तो फवारा थर्माकोल खातो? तुमची दारं तेवढी लाकडाची म्हणून उरली. बाकीचं पोत्यात भरून मी कचऱ्याच्या गाडीत घातलं.

हे घरी आले, भुयार असायचं त्या पलंगाखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "घेऊन गेला वाटतं." मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले. मी खोटं बोलले नाही, असं देवापुढे बसून कितीदा स्वतःला सांगितलं. देव काही इतका भोळा नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी कुलूप बदललं.

आणि रविवारी तुम्ही आलात. आत कोणी नाही असं तुम्हाला वाटलं असेल. मी एकटी होते, दाराच्या अलीकडे, दोन हातांच्या अंतरावर. तुमची किल्ली कुलपात अडली, तुम्ही पुसून पुन्हा घातली, पुन्हा अडली. मग पायऱ्या उतरलात, अगदी सावकाश. दार उघडलं असतं तर भुयाराचं विचारलं असतंत. म्हणून उघडलं नाही. बाकी सगळं एक वेळ अजाणता झालं म्हणेन, हे जाणून केलं.

गुरुवारी रंगवायला बसलो तेव्हा यांनी मला ब्रश दिला. मी बोलून गेले, "हो, ब्रशच बरा, फवाऱ्याने विरघळतं." त्यांचा हात थांबला, थरथरायचासुद्धा थांबला.

"तुला कोणी सांगितलं?"

"ऐकलं कुठेतरी," म्हटलं.

त्यांनी ब्रश रंगात बुडवला आणि पुढची भिंत रंगवायला घेतली. तेव्हापासून बोलणं कामापुरतंच आहे. मी थकले आहे, भाऊजी. विटांनी नाही.

तुमची आठ दारं माझ्याकडे आहेत, देवघराच्या खणात, वातींच्या डब्याखाली. आज ती टेबलावर काढून ठेवणार आहे, आणि शेजारी हे पत्र, उघडंच, यांनी वाचावं म्हणून. पाकिटावर पत्ता मी घालणार नाही. तुमचा पत्ता यांना पाठ आहे, माझ्यासमोर कधी म्हणत नाहीत एवढंच.

तेव्हा पत्र हातात पडलं, तर पाकिटावरचं अक्षर बघा. रेघ वाकडी असेल. तसं असेल तर रविवारी या. किल्ली चालणार नाही, बेल वाजवा. दार मी उघडेन.

तुमची अपराधी,
वहिनी