डावी कळी

२८ ऑक्टोबर

नागेश आज परत जेवायला आला! गणेशगुडीला नदीकाठी त्याचं लॉज, राफ्टिंगवाल्यांची झुंबड, आणि आचारी ऐन सीझनला गोव्याला पळालेला. ताट चाटूनपुसून झालं आणि म्हणतो कसा — "अक्का, माझं किचन तू सांभाळ. दारावर पाटी लावतो, अनुसयाची खानावळ. इथं जोयड्यात कचेरीतल्या क्लार्कांना आमटी वाढत किती दिस बसणार?"

माझ्या क्लार्कांना नावं ठेवतोय, मेला! पण पाटीचं ऐकून पोटात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

राहायला मात्र तिकडंच लागणार. पाऊस लागेपर्यंत.

२९ ऑक्टोबर

मी सांगायच्या आधीच ह्यांना जीप स्टँडवर कळलं होतं. या गावात काही पोटात राहील तर शपथ! हे जेवता जेवता म्हणाले, "अनू, जा तू. तुझ्या हाताला चव हाय. इथं वाया घालवू नको."

"आणि तुम्हाला रांधून कोण घालणार?"

"मी काय कुकुलं बाळ हाय? आई हाय की."

इतक्या पटकन जा म्हणाले! राग आला. थांब म्हणाले असते तरी आलाच असता म्हणा.

३१ ऑक्टोबर

बेळगावहून प्रियांकाचा फोन. धाकटी बहीण, पण बोलणं सासूचं. "अक्का, याड लागलंय काय, अजून व्हय म्हणाली न्हाईस? असं कोण दारात येऊन विचारतंय?" मी म्हटलं, विचार करते.

विचार कसला डोंबलाचा! सकाळी चूल पेटते, दुपारी बाकं भरतात, मग भांडी पालथी घालून पाय पसरते. संध्याकाळी ह्यांची जीप येईपर्यंत परसात मुडलीच्या कंदांना माती ओढत बसते. मला हे आवडतं. मनापासून आवडतं! पण एवढं एक वाक्य कुणाला सांगायची चोरी. म्हणतील, आळशी हाय बाई.

आणि नाही गेले, तर उद्या ह्याच बाकावर बसून हळहळेन काय? तेही वाटतं. मोठी चूल, हाताखाली माणसं, पाटीवर नाव. कुणाला नको असतं? डोकं नुसतं भणभणतंय.

२ नोव्हेंबर

सासूबाईंनीच मार्ग काढला. "गोपाळा, सातेरीला कौल लाव. देवी सांगंल तसं करा." हे लगेच व्हय म्हणाले. मीसुद्धा! देवीनं सांगितल्यावर माझ्या डोक्याला ताप नाही.

३ नोव्हेंबर

डावी पडली! डावी!!

गुरव महाबळेश्वरअण्णांनी देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या लावल्या. गाऱ्हाणं सांगायचं घरच्या कर्त्या माणसानं, म्हणून हे आत, गुरवांच्या कानाशी. मी आणि सासूबाई पायरीवर. अण्णा काय पुटपुटत होते, घंटेत एक अक्षर कळलं नाही. पण कळ्या दिसत होत्या. उजवी म्हणजे व्हय, डावी म्हणजे न्हाई, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत. किती वेळ दोन्ही हलेनात. आणि डावी टपकन खाली!

मला हसूच आवरेना. देवीसमोर! सासूबाईंनी चिमटा काढला. येताना जीपमध्ये मी एकटीच बडबडत होते. हे गप्प. वाईट वाटलं असणार, बायकोची पाटी गेली म्हणून.

५ नोव्हेंबर

नागेशला सांगून टाकलं. त्यानं हात जोडले. "देवीच न्हाई म्हणाली तर आपण काय बोलायचं?" वर दोन वाट्या सोलकढी प्याला. सुटले!

८ नोव्हेंबर

काय झोप लागते हल्ली! दुपारी उगाचच ह्यांच्याबरोबर जीपमधून बाजारकुणंगला जाऊन आले. काम काही नव्हतं.

१२ नोव्हेंबर

हे काय होऊन बसलं!

महाबळेश्वरअण्णा कचेरीच्या कामाला आले होते, जेवायला माझ्याकडं. भात कालवता कालवता विचारतात, "अनुसया, अजून हितंच? गणेशगुडीला कधी निघणार?"

"अण्णा, डावी पडली की!"

"व्हय, डावीच पडली. गोपाळनं गाऱ्हाणंच तसं घातलं हुतं. 'हिनं घर सोडू नये असं तुझ्या मनात असंल तर उजवी दे.' उजवी कुठं पडली? देवी जा म्हणाली, बाय!"

हातातला डाव आमटीत पडला. म्हणजे मी देवीचं नाव घेऊन नागेशला खोटं सांगितलं? आणि ह्यांना ठाऊक होतं! सगळी वाट मी खिदळत होते आणि हे तोंडाला कुलूप लावून जीप चालवत होते!

येऊ देत आज घरी.

१३ नोव्हेंबर

विचारलं. तोंडानं जा जा म्हणत होतात, मग देवीकडं उलटं का मागितलं? आधी जीपची किल्ली खुंटीला लावली. मग म्हणाले, "उजवी पडंल असं वाटलं हुतं. तू गेलीस तर घरात करमणार न्हाई मला. पर तसं तोंडानं कसं सांगू? आयुष्यभर म्हणशील, ह्यांनी अडवलं. आणि डावी पडल्यावर तू अशी हसलीस... बोलायचा धीरच झाला न्हाई."

आज नागेशला फोन केला. म्हटलं, देवी जा म्हणाली होती, मला यायचं नाही.